खिडकी दोन फुटांवर

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी घरात नसायचे आणि आमचा मेस्त्री नेमका त्याच दिवशी सगळे निर्णय घ्यायचा. मंगळवारी मी सांगायचे एक, बुधवारी संध्याकाळी डायलिसिसवरून येऊन बघते तर भलतंच उभं. न्हाणीचं दार पूर्वेला सांगितलं ते उत्तरेला. बेसिन दाराजवळ सांगितलं तर कोपऱ्यात, का तर म्हणे पाईप कमी लागतो. आणि खिडकी. खिडकीचं तर सविस्तरच सांगते.

आमचं घर राजापूर तालुक्यात, पाचलच्या पुढे आतमध्ये. जुनं घर, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं पण चिरे मातीत बसवलेले, सिमेंट नाही, भिंती दीड फूट जाड, वर मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, स्वैपाकघर, मागे पडवी, आणि संडास आवाराच्या टोकाला फणसाखाली. घरात माणसं तीन, मी, आमचे हे आणि सासूबाई. मुलगी पुण्यात शिकते. धाकटे दीर मुंबईला, ते गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि बाकी वर्षभर व्हिडिओ कॉलवर मतं देतात, माणूस चांगला आहे, पैसेही दिले, पण मतं जास्त दिली.

२०२२ च्या नोव्हेंबरात माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साचतं ते, नऊच्या वर निघालं. त्याआधी पाय सुजायचे, सकाळी तोंडाला विचित्र चव यायची, दम लागायचा, मी म्हणायचे वय झालं, भात लावणीची दगदग. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कोणास ठाऊक, कधी मोजलंच नव्हतं, डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची.

जानेवारीपासून डायलिसिस सुरू, रत्नागिरीला, एका बाजूने जवळपास सत्तर किलोमीटर. सरकारी योजनेत बसलं म्हणून डायलिसिसचे पैसे लागले नाहीत, ते खरंच मोठं काम झालंय, नाहीतर आमच्यासारख्याने तीन महिन्यांत जमीन विकली असती. पण गाडीचे पैसे योजनेत नसतात. आजूबाजूच्या गावातले आम्ही तिघं पेशंट मिळून एक गाडी करायचो, पहाटे साडेपाचला निघायचं, चार तास मशीनवर, दुपारी तीन-चारला घरी. येताना कोणी बोलायचं नाही. मशीन चार तासांत दोन-तीन दिवसांचं पाणी ओढून काढतं, बीपी खाली जातं, पायात गोळे येतात, घरी येऊन मी ओटीवरच आडवी व्हायचे, चपला पण कोणीतरी काढायचं.

आणि पाणी. दिवसाला पाऊण लिटर, चहा आमटी सगळं धरून. एप्रिलमध्ये कोकणात पाऊण लिटर म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मी एक स्टीलचा तांब्या ठेवला होता, सकाळी भरायचा, जे काही प्यायचं ते त्यातूनच. शहाळं बंद, आंबा चवीपुरता, भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं, सुकी मासळी नाही, लोणचं नाही. आमच्या मागच्या दारी करंबळाचं झाड आहे, काही जण कमरख म्हणतात, ते पाच धारांचं आंबट फळ, ते तर किडनीवाल्याला सरळ विषच, त्याने उचकी लागते, झटके येतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. डॉक्टरांनी सांगितल्यावर यांनी रागाने झाड तोडायला कोयता काढला होता, सासूबाई म्हणाल्या झाडाने काय केलंय, तिने खाऊ नये म्हणजे झालं. झाड आहे अजून.

तर वर्षभर हे असं चाललं. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सीएपीडीचं सुचवलं, पोटाचा डायलिसिस. पोटात एक मऊ नळी बसवतात, त्यातून दोन लिटर पाणी पोटात सोडायचं, साखरेचं असतं ते पाणी, पाच-सहा तास ठेवायचं, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरतं, मग ते काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, घरच्या घरी, स्वतःच्या हाताने. सुई नाही, मशीन नाही, रत्नागिरी नाही. मला एवढंच ऐकू आलं की रत्नागिरी नाही. यांनी आधी विचारलं होतं की मोठं मशीनच घरी आणता येईल का, तर त्याला मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी लागतं, चार तासांचे एकशेवीस लिटर. मे महिन्यात आमच्या विहिरीत घागर बुडत नाही. तो विषय तिथेच संपला.

पण सिस्टरनी पुढचं जे विचारलं ते मी विसरणार नाही. घर कसं आहे? मी म्हटलं कौलारू. जमीन? शेणाने सारवलेली. वर सिलिंग? नाही, वासे आणि कौलं. संडास? बाहेर. हात धुवायला बेसिन? न्हाणीत बादली आणि तांब्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या ताई, हे सगळं पोटात उघडणारं दार आहे, धूळ गेली, पालीची लेंडी पडली, हात नीट धुतला नाही तर पोटात इन्फेक्शन होतं आणि ते साधं नसतं. एक खोली तयार करा, मग नळी टाकू.

अशी सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२४.

दिरांचं म्हणणं की आता एवढं करतोच आहोत तर स्लॅबच टाकू. सासूबाईंचं म्हणणं की माजघराला हात लावायचा नाही, तिथे देव आहेत. यांचं म्हणणं की पडवी बंदिस्त करू, स्वस्तात होईल. आणि पडवीच ठरली, स्वैपाकघराला लागून असलेला तुकडा, दहा बाय बारा. तिन्ही बाजूंनी जुनी भिंत होती, चौथी नवीन घालायची. यात मला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, तू काय म्हणतेस, पण ते विचारताना सगळे उठायलाच लागले होते.

मला एकच गोष्ट हवी होती. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीस-चाळीस मिनिटं, मी त्या खोलीत दार बंद करून बसणार. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. म्हणजे रोजचे अडीच तास, आणि किती वर्षं ते माहीत नाही. तर मला बसल्या जागेवरून खळं दिसायला हवं होतं. पुढचं अंगण, तुळस, येणारा-जाणारा, बास. पडवीची एक बाजू खळ्याकडे वळते. तिथे खिडकी, उघडणारी नको, फिक्स काच चालेल, पण खाली, दोन फुटांवर, म्हणजे कॉटवर टेकून बसलं तरी दिसेल.

मेस्त्री म्हणाला, “वैनी, खिडकी साडेतीन फुटावर असते.”

मी म्हटलं असते, पण मला दोनवर हवी.

“ती भिंत मातीतली हाय. एवढा मोठा गाळा काढला तर वरचे चिरे खाली येतील.”

लिंटेल टाका म्हटलं, खिडकीवर आडवी तुळई. मी माहेरी बापाला बांधकामात मदत केलीय, मला लिंटेल कळतं. तो हो म्हणाला. मंगळवार होता. बुधवारी मी रत्नागिरीला, शुक्रवारी परत रत्नागिरीला, शुक्रवारी संध्याकाळी बघते तर भिंत फोडून चौकट बसवून झालेली, साडेतीन फुटांवर, दोन बाय दोनची, तुरुंगाला असते तशी. यांना विचारलं तर म्हणाले मी काजू बघायला गेलो होतो, आणि तसं पण दिसतं की उभं राहिल्यावर.

उभं राहिल्यावर. पोटात दोन लिटर पाणी सोडत असताना कोण उभं राहतं?

मी त्या दिवशी काही बोलले नाही, ताकदच नव्हती. शनिवारी सकाळी चुलीतला कोळसा घेतला, पडवीत कॉट जिथे येणार तिथे खुर्ची ठेवून बसले आणि भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या रेषेच्या खाली, आडवी रेघ ओढली. डाव्या हाताने ओढली नाही, डाव्या हातात फिस्टुला आहे, मशीनच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडलेली, त्या हाताने जोर करायचा नसतो, वजन उचलायचं नाही, घट्ट बांगडी नाही. रोज सकाळी हात लावून बघायचं, आत मांजरासारखी घुरघुर लागते, ती लागली की फिस्टुला चालू. तर उजव्या हाताने रेघ ओढली, वाकडी आली. तिच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, खिडकी इथून. आणि मेस्त्रीला फोन केला की आजपासून खिडकीचं काम फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. सोमवारी-बुधवारी-शुक्रवारी वाळू चाळ, चिरे तास, काही पण कर, खिडकीला हात लावायचा नाही.

तो हसला. पण मंगळवारी आला आणि चौकट काढली. नंतर मला कळलं की सासूबाईंनी त्याला चहा देताना सांगितलं होतं, तिला जसं हवंय तसं कर बाबा, तिला एवढंच तर हवंय. सासूबाई माझ्याशी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मी पण नाही. आमचं असंच आहे.

बाकीचं काम पटापट सांगते. जमिनीला टाईल्स नाही लावल्या, कोबा केला, गुळगुळीत घोटलेला, टाईल्सच्या सांध्यात घाण बसते आणि ओल्या पायाने घसरायला होतं. भिंतींना प्लास्टर आणि ऑईलपेंट, म्हणजे फडक्याने पुसता येतात. कौलांखाली पीव्हीसीचं सिलिंग, सुताराला प्लायचं करायचं होतं, पण आमच्याकडे वाळवी प्लाय एका पावसात खाऊन टाकते. पीव्हीसीवरून रात्री उंदीर पळतात तो आवाज मात्र असा येतो की घोडे दौडतायत. बेसिनला कोपराने चालवायचा लांब दांडीचा नळ, जसा ऑपरेशन थिएटरमध्ये असतो, तो राजापुरात मिळाला नाही, कोल्हापूरहून आणला, दुकानदाराने यांना विचारलं डॉक्टर आहात का. खोलीला लागून कमोडचा संडास, कारण पोटातून निघालेलं पाणी त्यात ओतायचं, रोजचे आठ लिटरच्या वर. आणि पावसात फणसाखाली जाणं संपलं, त्याचा आनंद सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त झाला, तोंडाने मात्र म्हणत राहिल्या घरात संडास म्हणजे काय हे.

इन्व्हर्टर घेतला. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते देवाला माहीत, आणि अंधारात नळी जोडणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण.

पाण्याची पिशवी अडकवायला वर हुक लागतो. ड्रिल मारलं की मातीतली भिंत भुसभुसायची, स्क्रू हातात यायचा. तीन ठिकाणी मारून बघितलं. मग मेस्त्रीच म्हणाला वैनी, ही हाय की. जुन्या भिंतीत सागाची खुंटी होती, सासरे त्यावर कंदील लावायचे, चिरा लावतानाच बसवलेली, बैल बांधला तरी हलणार नाही. घासून, पेंट मारून घेतली. त्या खुंटीला आता दोन लिटरची पिशवी लटकते. उंचीही बरोब्बर.

खर्च तीन लाखांच्या थोडा वर गेला. दिरांनी एक दिला, माझ्या पाटल्या गेल्या, उरलेलं काजूतून आणि सोसायटीतून.

एप्रिलच्या शेवटी नळी बसवली, जखम भरायला दोन आठवडे, मग आठवडाभर ट्रेनिंग. ट्रेनिंगमध्ये यांना पण बसवलं होतं. मे अखेर पहिली पिशवी घरी केली. मृगाच्या आधी कौलं चाळून घेतली नेहमीप्रमाणे, वानरांनी पन्नासेक फोडली होती.

ज्याचा कोणी विचारच केला नव्हता ते म्हणजे माल. दिवसाला चार पिशव्या, महिन्याला एकशेवीस, प्रत्येक दोन लिटरची, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास सामान दर महिन्याला. टेम्पो वाडीपर्यंत येतो, पुढची पाखाडी चढून खोके डोक्यावर आणायचे. पहिल्या महिन्यात ओटीवर रचले, आठ दिवसांत उंदराने एक खोका कुरतडला, आतली पिशवी फुटून ओटीभर साखरपाणी, त्याला मुंग्या. मग लोखंडी अँगलचा मांड बनवून घेतला जमिनीपासून फूटभर वर. रिकाम्या खोक्यांचा मात्र उपयोग झाला, पुढच्या मे महिन्यात दिरांकडे आणि नणंदेकडे आंबे त्यातूनच गेले. नणंदेचा फोन आला, वहिनी खोक्यावर डायलिसिस लिहिलंय, शेजारी विचारतात. मी म्हटलं आंबे खा.

खाणं बदललं. पोटाच्या डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जातं, त्यामुळे खा म्हणतात, अंडी, ताजे मासे. भाज्या उकळून फेकायचं कमी झालं. वर्षभराने आंब्याची पूर्ण एक फोड खाल्ली. तांब्या अजून आहे, पण आता तो एवढा कडक नाही, किती पाणी निघालं ते वजनकाट्यावर बघून दुसऱ्या दिवशीचं ठरवायचं. पिशव्या तीन प्रकारच्या, झाकणाचा रंग पिवळा, हिरवा, लाल, साखर वाढत जाते तसं पाणी जास्त ओढतं. लग्नाला जाऊन आले की हिरवी लागते. लाल फारच क्वचित.

आणि ऑगस्टमध्ये इन्फेक्शन झालं. चूक माझी. रात्रीची दहाची पिशवी, लाईट गेलेली, इन्व्हर्टर चालू होता पण पाऊस असा की मेघ फाटलेत, पन्हाळीतून पाणी उसळून बेसिनच्या बाजूने आत यायला लागलं, माझं लक्ष तिकडे आणि जोडताना नळीचं टोक माझ्या बोटाला लागलं. मला कळलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की असं झालं तर जोडायचं नाही, क्लॅम्प लावून तिथेच थांबायचं, सेंटरला फोन करायचा. मी दमले होते, रेंज नव्हती, मी जोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं. बाहेर आलेल्या पिशवीखाली रोज वर्तमानपत्र ठेवून बघायचं असतं, अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. त्या दिवशी मथळासुद्धा वाचता आला नाही, तांदळाच्या धुवणासारखं. यांनी तीच गढूळ पिशवी गोणपाटात गुंडाळली, तपासायला सोबत न्यावी लागते, आणि अणुस्कुरा घाटातून कोल्हापूर. घाटात दरड येऊन एक बाजू बंद, तास गेला. मी मागच्या सीटवर आणि पिशवी माझ्या पायाशी. पिशवीतूनच अँटिबायोटिक पोटात सोडतात, तीन आठवडे चाललं. नळी वाचली. यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, घरी आल्यावर पन्हाळ मात्र स्वतः शिडीवर चढून बदलली, आणि मेस्त्रीला फोनवर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बेसिन दाराजवळ असतं तर पाणी आलंच नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गणपतीला दिरांची मुलं आली, त्या खोलीला त्यांनी नाव ठेवलं दवाखाना. काकू दवाखान्यात आहे, आत जायचं नाही. मला आधी लागलं ते, मग सवय झाली. खरं सांगायचं तर सणाच्या गर्दीत दार बंद करून अर्धा तास बसायला मिळतं आणि कोणी मोदकाची उकड कुठेय विचारत नाही, हे घरातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला मिळतं?

शिमग्याला, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, पालखी आमच्याकडे रात्रीची येणार होती. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, खळ्यात नाचवतात, मग ओटी भरायची. दहाला येणार म्हणाले, आली अकराला. मी नऊची पिशवी दहावर ढकलली होती, पावणेअकरापर्यंत वाट बघून शेवटी आत गेले, हात धुतले, जोडलं, आणि ढोल वाजायला लागला. जुनं पाणी बाहेर पडायला वीस मिनिटं तरी लागतात, मध्ये उठता येत नाही.

खळ्यात ट्यूबलाईट लावली होती. पालखी आत आली, चार जणांच्या खांद्यावर, मग दोघांच्या, नाचवायला लागले तशी धूळ उडाली आणि माझ्या काचेपर्यंत येऊन थांबली. मला सगळं दिसत होतं. पोरं, निशाण, दिरांचा मोबाईल वर धरलेला हात, सासूबाई नऊवारीत ताट घेऊन तुळशीजवळ उभ्या. ताटात तांदूळ, खण, हळदकुंकू. नारळ नाही.

मी काचेवर टकटक केली. ढोलात कोणाला ऐकू जातंय. यांच्याकडे हात केला, दोन्ही हात गोल करून दाखवले, त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय, त्यांनी पालखीला परत एकदा नमस्कार केला. शेवटी एका हाताने मोबाईल घेतला, मास्क लावलेलाच, आणि फोन लावला. यांनी खिशातून काढून कानाला लावला, माझ्याकडे बघत.

“नारळ,” मी ओरडले. “फ्रिजवर आहे नारळ. सोलून ठेवलाय.”

ते धावत आत गेले. मोबाईल धरला होता म्हणून आता परत हात स्वच्छ करावे लागणार होते, पिशवी अजून निम्मीच भरली होती.